तीन दिवस ताप होता, की तीन दिवसांपासून आहे?

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला आणि चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली. इंग्रजीत गेलेल्या काळाबद्दल बोलायचं म्हटलं की आपली माणसं अडखळतात, ती कुठं अडखळतात ते या चौघांनी बरोबर दाखवलंय. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवली. स्पेलिंगवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून उदगीरला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. परदेशातल्या नोकरीसाठी ओईटी नावाची इंग्रजीची परीक्षा देणार आहे. सरावाच्या पत्रात मी 'द पेशंट इज हॅविंग फीवर सिन्स थ्री डेज' असं लिहिलं, तर शिकवणाऱ्यांनी 'सिन्स'वर लाल रेघ मारली. दुसऱ्या पत्रात 'ही फेल इन द बाथरूम बिफोर टू डेज' लिहिलं, त्यावरही लाल रेघ. आमच्याकडं केसपेपरवर रोज हेच लिहितात. मराठीत या सगळ्याला 'पासून' नाहीतर 'पूर्वी' एवढंच आहे. 'सिन्स', 'फॉर', 'अगो', 'बिफोर' यांत नेमका फरक काय? — एक नर्स, उदगीर

उत्तर : ताई, आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवते. 'सिन्स थ्री डेज' ही चूक तुमची एकटीची नाही. मी औसा तालुक्यात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या काळात पोरांनी आणलेले रजेचे अर्ज एकावर एक रचले तर माझ्या खांद्याला लागतील, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज' हे वाक्य आहे. गंमत म्हणजे अर्ज लिहिला जातो ताप उतरून पोरगं शाळेत परत आल्यावर. म्हणजे कागदावर ते अजून तापानं फणफणलंय आणि प्रत्यक्षात मागच्या मैदानात कबड्डी खेळतंय. पहिली पाच-सहा वर्षं हा नमुना मीच फळ्यावर लिहून देत होते, तेव्हा पापात माझाही वाटा आहे.

आता 'पासून'. आपला हा शब्द फार उदार आहे. 'सोमवारपासून ताप आहे' म्हणा, 'तीन दिवसांपासून ताप आहे' म्हणा, तो दोन्हीला हो म्हणतो. इंग्रजी इथं विचारतं की तुम्ही ताप सुरू झाल्याची खूण सांगताय, की किती दिवस झाले ते मोजून सांगताय? खूण सांगत असाल तर 'सिन्स': 'सिन्स मंडे', 'सिन्स दिवाळी', 'सिन्स द ऑपरेशन'. मोजून सांगत असाल तर 'फॉर': 'फॉर थ्री डेज', 'फॉर अ वीक'. मी वर्गात भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवायची. त्यावर एका ठिकाणी बोट टेकवून सांगता आलं तर 'सिन्स', बोट या चौकटीतून त्या चौकटीत सरकवावं लागलं तर 'फॉर'. 'तीन दिवस' या शब्दांवर बोट टेकवून दाखवा बरं. टेकत नाही, सरकतं. तुमचे डॉक्टर घाईत ताप, गुणिले चिन्ह आणि पुढं तीन दिवस असं लिहीत असतील, तर त्यांनी 'सिन्स'चा प्रश्न टाळलाय एवढं श्रेय त्यांना द्या.

पण तुमच्या कामात याहून मोठा फरक पुढं आहे, आणि तिथं लाल रेघेनं भागणार नाही. ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचा. 'द पेशंट हॅज हॅड फीवर फॉर थ्री डेज.' 'द पेशंट हॅड फीवर फॉर थ्री डेज.' दोन्हीकडं तीन दिवस, दोन्हीकडं 'फॉर'. पहिल्या वाक्यातला रोगी या क्षणी तापलेला आहे. दुसऱ्यातला बरा झालाय, ताप कधीतरी येऊन गेला. मधला एक 'हॅज' गळाला की रात्रपाळीची नर्स थर्मामीटर घेऊन जाणारच नाही. मराठीत आपण ही चूक करत नाही. 'तीन दिवसांपासून ताप आहे' आणि 'तीन दिवस ताप होता' यांची गल्लत निरक्षर बाईही करणार नाही. म्हणजे फरक आपल्याला कळतो, तो इंग्रजीत नेताना सांडतो. 'इज हॅविंग'ही सोडा. ताप, खोकला, दुखणं यांना 'हॅज हॅड' लावायची जिभेला सवय करा. सुरुवातीला तोतरं बोलल्यासारखं वाटेल, वाटू द्या.

हे मी इतक्या तळमळीनं लिहितेय त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली, माणसं दमून झोपलेली, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, ती घरं माणसांवर बसली. सगळ्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतरच्या आठवड्यांत मदत करायला परदेशी मंडळी यायची, आणि इंग्रजी बोलू शकणारी माणसं तालुक्यात हाताच्या बोटांवर. मला दुभाषी म्हणून बोलावलं. एका गल्लीत ढिगाऱ्याच्या कडेला एक म्हातारी बसलेली. हातात पितळी तांब्या, चेपलेला. म्हणाली, 'हितं तीस वर्सं संसार केला बाई म्या.' मी पाहुण्याला सांगितलं, 'शी हॅज लिव्हड हिअर फॉर थर्टी इयर्स.' त्या गल्लीच्या पल्याडच्या टोकाला दोन-चार घरं तडे जाऊनही उभी होती. पाहुण्यानं तिकडं पाहिलं, मान हलवली आणि हातातल्या यादीत घर शाबूत असलेल्यांच्या रकान्यात खूण केली. 'हॅज लिव्हड' म्हणजे राहतेय ना अजून! त्याचं काहीच चुकलं नव्हतं. दोन ढिगारे पुढं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं आणि मी पळत मागं येऊन म्हटलं, 'नो, नो, शी लिव्हड. लिव्हड.' त्यानं रबर काढून खूण पुसली. म्हातारीचं मराठी अगदी चोख होतं. 'संसार केला' म्हणाली होती ती, 'करतेय' नव्हे. तो संपलाय हे तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून 'हॅज' उच्चारताना मला तो तांब्या दिसतो.

आता तुमचा बाथरूममध्ये पडलेला रोगी. 'बिफोर टू डेज' असं इंग्रजीत नसतं, कारण 'बिफोर' आधी आला की लगेच कशाच्या आधी असा प्रश्न उभा राहतो. 'बिफोर लंच', 'बिफोर द ऑपरेशन'. 'बिफोर टू डेज'चं उत्तर 'दोन दिवसांच्या आधी' असं निघतं, आणि ते ऐकणारा पुढचं वाक्य येईल म्हणून थांबून राहतो. मोजलेला काळ आधी लिहायचा, शब्द नंतर: 'टू डेज अगो' किंवा 'टू डेज बिफोर'. आणि या दोघांत गोंधळ व्हायचं कारण म्हणजे आपलं 'दोन दिवसांपूर्वी' दोन्हीकडं चालतं.

'अगो' बोलणाऱ्याच्या पायापासून मोजतात. तुम्ही आज उभ्या आहात, तिथून मागं दोन पावलं. 'बिफोर' गोष्टीतल्याच दुसऱ्या एखाद्या दिवसापासून मोजतात. ओईटीत नर्सेसना बहुधा रोग्याला पुढं पाठवायचं नाहीतर घरी सोडायचं पत्र लिहायला देतात, त्याचंच उदाहरण घ्या. पत्र तुम्ही १२ मार्चला लिहिताय. रोगी ४ मार्चला दाखल झाला. पडला होता २ मार्चला. आता 'ही वॉज ॲडमिटेड ऑन फोर्थ मार्च. ही हॅड फॉलन टू डेज बिफोर' हे बरोबर, दाखल होण्याच्या दोन दिवस आधी. तिथंच 'टू डेज अगो' लिहिलंत तर वाचणारा पत्राच्या तारखेवरून मागं मोजणार आणि १० मार्चवर जाऊन थांबणार. म्हणजे रोगी तुमच्याच दवाखान्यात पडला! 'अगो'च वापरायचा असेल तर 'टेन डेज अगो'. 'टू डेज बॅक' आपल्याकडं सर्रास म्हणतात; बोलण्यात चालवून घ्या, परीक्षेत 'अगो'च लिहा.

मराठवाड्यातल्या माणसाला खरं तर हे शिकवायची गरज पडू नये. आमची सगळी जुनी कालगणना 'बिफोर'चीच. माझी आजी कधी साल सांगायची नाही. 'रझाकाराच्या आदी', 'पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली', 'भात्तरच्या दुष्काळात', असं तिचं चालायचं. आता आमची पिढी 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' म्हणते. 'भूकंपाच्या दोन वर्षं आधी माझं लग्न झालं' हे वाक्य मी मरेपर्यंत बदलणार नाही. आणि 'अगो'चं वाक्य? ते दरवर्षी शिळं होतं. आमच्या एका जुन्या स्मरणिकेत छापलंय, 'शाळेची ही इमारत पन्नास वर्षांपूर्वी उभी राहिली.' स्मरणिकेवर सालच नाही. कधीपासून मागं पन्नास मोजायचे ते आज कुणाला सांगता येत नाही. तेव्हा 'अगो' वापरलात तर कागदावर तारीख घाला.

एक शेवटचं, न विचारलेलं. तुमच्या बायोडेटात 'आय हॅव कम्प्लीटेड जीएनएम इन २०१९' असं असणार. मी न बघता सांगते, असणारच. साल लिहिलं की 'हॅव' काढून टाका. 'आय कम्प्लीटेड जीएनएम इन २०१९.' साल म्हणजे खिळा. खिळा ठोकला की गोष्ट भिंतीवर गेली, ती आता हातात नाही.

प्रश्न : बाई, मी एसटीत कंडक्टर होतो, आता घरी आहे. नात सातवीला, इंग्रजी माध्यमात. तिला 'माय ग्रँडफादर' हा निबंध होता. तिनं माझ्यावर पानभर लिहिलं आणि चार ठिकाणी लाल रेघा घेऊन आली. ती वाक्यं अशी : 'माय ग्रँडफादर वुड बी अ कंडक्टर.' 'ही यूज टु वेक अप ॲट फोर.' 'ही यूज्ड टु वर्क फॉर थर्टी वन इयर्स.' 'ईव्हन नाउ ही इज यूज्ड टु वेक अप ॲट फोर.' मला इंग्रजी बेताचंच येतं, पण पोरगी रडवेली झाली. चूक काय ते सांगा, म्हणजे तिला समजावतो. — एक निवृत्त कंडक्टर, जिंतूर

उत्तर : भाऊ, नातीला सांगा की लेखिका खूश आहे. पानभर आजोबा लिहिणारी पोरगी चार लाल रेघांना भिऊन कसं चालेल?

हे आधी मराठीतच लावून बघू. जुन्या आठवणी सांगताना आपण म्हणतो, 'आई पहाटे उठे, जात्यावर बसे, दळता दळता ओव्या म्हणे.' व्याकरणवाले याला रीती भूतकाळ म्हणतात. एकदा केलेली गोष्ट नाही, तेव्हाची रीतच तशी होती. बोलताना आपण 'उठायची, बसायची, म्हणायची' असं म्हणतो, पण काम तेच. इंग्रजीत हे काम 'यूज्ड टु' आणि 'वुड' या दोघांकडं वाटून दिलंय. जिथं एखादी कृती पुन्हा पुन्हा व्हायची तिथं दोन्ही चालतात. 'ही वुड वेक अप ॲट फोर' चालेल आणि 'ही यूज्ड टु वेक अप ॲट फोर'ही चालेल.

पण असणं, राहणं, माहीत असणं, मालकीचं असणं, म्हणजे जिथं काही घडत नाही, नुसतं असतं, तिथं 'वुड' चालत नाही. याचीही खूण मराठीत सापडते. 'आमच्या दारात लिंब होता' असं आपण म्हणतो. 'आमच्या दारात लिंब असे' म्हणून बघा, लिंब रोज सकाळी यायचा आणि संध्याकाळी घरी जायचा असं वाटतं. 'वुड बी अ कंडक्टर' इंग्रज माणसाला तसंच ऐकू येतं, किंवा मग कंडक्टर होणार आहे, होईल बहुतेक, असं काहीतरी. म्हणून 'ही वॉज अ कंडक्टर' किंवा 'ही यूज्ड टु बी अ कंडक्टर'.

दुसऱ्या वाक्यात फक्त 'डी' राहिला. यात तिचा दोष नाही, बोलताना तो 'डी' ऐकूच येत नाही. 'यूस्टु' असं एका दमात म्हणतात, कानावर विसंबलेलं पोरगं 'यूज टु' लिहिणारच. 'डिड' आला की मात्र तो 'डी' खरंच जातो: 'ही डिडन्ट यूज टु टेक लीव्ह.' तुम्ही रजा घेत नव्हता असं मी गृहीत धरलंय.

तिसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, कारण पदवीधरही तिथं पडतात. 'यूज्ड टु' आला की किती वर्षं, किती वेळा असा एकूण हिशोब जोडायचा नाही. एकतीस वर्षं मोजलीत ना, मग हिशोब पुरा झाला, वही मिटली. 'ही वर्क्ड फॉर थर्टी वन इयर्स.' मराठीतही 'एकतीस वर्षं नोकरी केली' असंच म्हणतो आपण, 'एकतीस वर्षं नोकरी करायचे' कुणी म्हणत नाही. तसंच 'मी तीनदा हैदराबादला गेले' याला 'आय वेन्ट टु हैदराबाद थ्री टाइम्स'. पण 'दर उन्हाळ्यात जायचे' याला 'आय यूज्ड टु गो एव्हरी समर'. उन्हाळे मोजले नाहीत, म्हणून चाललं.

चौथ्या वाक्यातला 'यूज्ड टु' हा नुसता तोंडावळ्यानं सारखा, घराणं वेगळं. 'इज यूज्ड टु' म्हणजे अंगवळणी पडलंय, सवय आहे. त्याच्यापुढं 'वेकिंग' लागतं, नाहीतर सरळ नाम. हे सोपं करून सांगायला मी लातूरचं पाणी काढते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरवरून पाणी आणलं, हे तुम्ही वाचलं असेलच. त्या उन्हाळ्याबद्दल मी म्हणेन, 'वी यूज्ड टु स्टँड इन अ क्यू फॉर वॉटर', रांगेत उभं राहायचो, आता नाही. आणि 'वी आर यूज्ड टु स्टँडिंग इन अ क्यू फॉर वॉटर' म्हणाले तर रांग अजून आहे आणि आम्हाला तिचं काही वाटेनासं झालंय. एक 'आर' आणि एक 'इंग', की महानगरपालिका बदनाम!

(मिरजेहून लातूरला पूर्वी अडीच फुटी रुळांवरून छोटी रेल्वे यायची, कुर्डुवाडी-बार्शी करत. ती एवढी हळू चालायची की पोरं उतरून पुन्हा चढायची असं माझे वडील सांगत. 'द बॉइज वुड जम डाउन अँड क्लाइंब बॅक.' ती छोटी लाइन मोठी झाली नसती तर पाण्याची गाडी आलीच नसती.)

नातीला माझ्यातर्फे एक वाक्य द्या. तुमच्या हातातलं ते तिकिटांचं ट्रे, कातडी पिशवी आणि ट्रेच्या कडेवर टकटक वाजणारा पंच तिनं बघितला नसेल, आता मशिनी आल्या. तिला सांगा ते कसं होतं, आणि मग लिहायला सांगा: 'ही वुड टॅप द पंच ऑन द ट्रे, अँड द होल बस वुड गो क्वाएट.' इथं 'वुड' शोभून दिसतो. गाडी शांत व्हायची का, ते मात्र तुम्हालाच माहीत.

प्रश्न : 'यस्टरडे नाइट' चूक का? 'यस्टरडे मॉर्निंग' चालतं, 'यस्टरडे इव्हनिंग' चालतं, मग रात्रीनं काय घोडं मारलं? — बारावीचा विद्यार्थी, परळी

उत्तर : काही घोडं मारलं नाही, त्यांची रीत. काल रात्रीला 'लास्ट नाइट'. इथं 'लास्ट' म्हणजे शेवटची नव्हे, नुकतीच सरलेली. इंग्रजीत पूर्वी काळ रात्रींवर मोजायची चाल होती, पंधरवड्याला 'फोर्टनाइट' म्हणतात तो 'चौदा रात्री'चाच चेंगरलेला शब्द आहे. तेव्हा रात्रीला दिवसाची शेपटी न मानता तिचा स्वतंत्र मान ठेवला असं समज. पहाटेचं मात्र जपून. भूकंप ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, आमच्या गावाकडं त्याला आजही 'विसर्जनाच्या रात्री' म्हणतात, कारण सूर्य उगवल्याशिवाय आपला दिवस बदलत नाही. इंग्रजीत तारीख बाराला बदललेली असते, म्हणून 'इन द अर्ली अवर्स ऑफ थर्टिएथ सप्टेंबर'. आज पहाटे काही झालं असेल तर 'अर्ली धिस मॉर्निंग'.

प्रश्न : बँकेच्या एका इंग्रजी फॉर्मवर 'हॅव यू चेंज्ड युअर ॲड्रेस इन द लास्ट इयर?' असं विचारलं होतं. मी तेरा महिन्यांपूर्वी घर बदललं होतं, म्हणजे गेल्या वर्षीच. म्हणून 'यस' लिहिलं. त्यावरून कागदपत्रांचे तीन हेलपाटे झाले. 'लास्ट इयर' म्हणजे गेलं वर्षच ना? जाता जाता 'दी अदर डे'चाही अर्थ सांगा, हा शब्द सारखा भेटतो. — एक किराणा दुकानदार, नांदेड

उत्तर : शेठ, 'लास्ट इयर' म्हणजे गेलं वर्ष, हे तुमचं शंभर टक्के बरोबर. पण फॉर्मवर 'इन द लास्ट इयर' होतं. 'इन द' लागलं की कॅलेंडर बाजूला ठेवायचं आणि आजपासून मागं बारा महिने मोजायचे. तुमचे तेरा झाले, तेव्हा उत्तर 'नो'. 'लास्ट वीक' म्हणजे मागचा आठवडा आणि 'इन द लास्ट वीक' म्हणजे गेल्या सात दिवसांत, तीच गत. बँकांनी हे 'गेल्या बारा महिन्यांत' असं सरळ लिहिलं तर त्यांचं काही बिघडणार नाही, पण आपलं ऐकतंय कोण.

'गेल्या' या शब्दावर मी जरा रेंगाळते, मला तो आवडतो. माझे वडील अंबाजोगाईचे, निजामाच्या काळात तिला मोमिनाबाद म्हणत. त्यांचं शाळेतलं शिक्षण उर्दूत झालं, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. ते कधी 'गेल्या वर्षी' म्हणायचे नाहीत, 'गुदस्ता' म्हणायचे. 'गुदस्ता तूर बरी होती, औंदा काई खरं नाही.' तुमच्या दुकानात येणारी जुनी गिऱ्हाइकं अजून म्हणत असतील. तो फारसी 'गुजश्ता'. अर्थ, गेलेला. मी इंग्रजी शिकवायला लागल्यावर कधीतरी मोठा शब्दकोश उघडून 'अगो' काढला, तर त्याचं जुनं रूप 'अगॉन', आणि अर्थ तोच, निघून गेलेला. 'थ्री इयर्स अगो' म्हणजे मुळात 'तीन वर्षं गेली'. आपलं गेल्या वर्षी, वडिलांचं गुदस्ता, इंग्रजांचं अगो. तिन्ही ठिकाणी काळ आपल्या दारावरूनच चालत गेलाय. मी हे वडिलांना सांगायला गेले तर ते म्हणाले, 'मग गुदस्ता म्हणलं की इंग्रजीच झालं की गं.'

आता 'दी अदर डे'. अलीकडचा कुठलातरी दिवस, नक्की कुठला ते महत्त्वाचं नाही. 'परवा बाजारात तुमचे मामा भेटले' असं आपण म्हणतो तेव्हा तो खरोखरचा परवाच असतो असं नाही, चार-आठ दिवसांपूर्वीचाही असतो. तो सैल परवा म्हणजे 'दी अदर डे'. पक्का परवा असेल, कोर्टात सांगायचा असेल, तर 'द डे बिफोर यस्टरडे'. धोका वेगळाच आहे. आपला परवा दोन्हीकडं चालतो, 'परवा आला' आणि 'परवा येईल'. 'दी अदर डे' फक्त मागं बघतो.

माझा पुतण्या लातूरला पाइपांचा धंदा करतो. त्यानं एका गिऱ्हाइकाला इंग्रजीत निरोप धाडला, 'आय विल डिलिव्हर दी अदर डे.' डिक्शनरीच्या ॲपनं त्याला परवाचा हाच अर्थ दिला होता म्हणे. गिऱ्हाइकानंही इंग्रजीतच उलट विचारलं, 'व्हिच डे?' पुतण्या म्हणाला, आता याला कसं समजावू, आणि वैतागून मराठीत लिहिलं, 'परवा'. पलीकडून लगेच उत्तर आलं, 'मग तसं म्हणा की राव.' गिऱ्हाईक निलंग्याचं होतं.